सात नंबरची जागा

“इथं कुणी ओरडायचं नाही,” मी म्हणालो. “‘ब्रेक मार, ब्रेक मार’ असं तर मुळीच नाही. पोरगं बिचकतं, पुढचा ब्रेक करकचून दाबतं आणि हँडलवरून पलीकडे जाऊन पडतं. टाळ्या वाजवा, नाव घेऊन हाक मारा. बास.”

“आणि पडलंच तर ओरडायचं का सर?” मागून कुणीतरी विचारलं.

“पडलं तर शिट्टी वाजवायची. सूचना क्रमांक एकोणीस.”

सगळे हसले. माझ्या मागे अकरा घरांतली माणसं त्या उतारावर तोल सांभाळत उभी होती. साताऱ्याहून तासाभराच्या अंतरावर असलेल्या बोरजाईच्या माळावर दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांच्या डोंगरी सायकल शर्यती होत्या. शिरस्त्याप्रमाणे मी आमच्या क्लबच्या पालकांना आदल्या दिवशी सगळा ट्रॅक पायी फिरवून दाखवत होतो. मुलं सायकलींवर सरावाच्या फेऱ्या मारत होती आणि दर दोन मिनिटांनी आम्हाला बाजूला होऊन वाट द्यावी लागत होती.

मी खरं तर सर नव्हे. एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक होतो. निहारला, माझ्या मुलाला, सायकलचं वेड लागलं, त्याच्यामागून मी क्लबात शिरलो आणि दोन वर्षांत तो क्लब माझ्याच गळ्यात पडला. पडला म्हणतो, पण मला ते फार आवडत होतं. कचेरीत माझं शिपाईसुद्धा ऐकत नसे. इथं मात्र तीस माणसं माझ्या शब्दावर आपली पोरं रात्री नऊला झोपवत होती. छापील सूचना चौतीस होत्या. शर्यतीच्या सकाळी नवीन काही खायला देऊ नये, नवे बूट घालू नयेत, दोन बाटल्या पाणी, एक जादा ट्यूब, मोजे कोरडे, आणि हरलेल्या मुलाला गाडीत बसल्यावर पहिला अर्धा तास काहीही विचारू नये. पालक त्या कागदाला ‘सरांचं पंचांग’ म्हणत. चेष्टा करत, पण पाळत.

सगळ्यांत कडक सूचना होती ती मार्शलची. प्रत्येक घरातलं एक मोठं माणूस ट्रॅकवर मार्शल म्हणून उभं राहणार, हा आमच्या क्लबचा नियम. अवघड वळणावर उभं राहायचं, मुलांना वाट दाखवायची, कुणी पडलं तर शिट्टी वाजवायची आणि वॉकीटॉकीवर मला कळवायचं. शेवटच्या शर्यतीच्या मागून एक जण पाठीला लाल फडकं बांधून सायकल चालवत येई. मुलं त्याला शेपूट म्हणत. शेपूट तुमच्यासमोरून गेलं की तुम्ही मोकळे. तोवर जागा सोडायची नाही, काही झालं तरी नाही.

हे मी उगाच सांगत नव्हतो. आदल्या वर्षी एक वडील आपला मुलगा पहिला येताना बघायला म्हणून जागा सोडून खाली पळत आले होते, आणि त्यांच्याच वळणावर एक बारा वर्षांचा पोरगा खुब्याला मार लागून दहा मिनिटं एकटा पडून राहिला होता. ही हकिगत मी दर वेळी सांगे. सांगताना आवाज थोडा खाली आणे. बायकांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

चालत चालत आम्ही सर्वांत वरच्या टोकाला आलो. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला बाभळी, मधून हातभर रुंदीची वाट आणि तीव्र वळण. खाली शर्यतीची रेषा आणि मांडव कुठंच दिसत नव्हता.

“हा सात नंबर,” मी म्हणालो. “इथं खंबीर माणूस पाहिजे.”

एकाने गुडघा चोळला. एका बाईंनी कडेवरचं मूल या कडेवरून त्या कडेवर घेतलं. कॅमेरावाले वडील दूरवरच्या डोंगराचा फोटो काढायला वळले. मला हे प्रकार माहीत होते, आणि त्यांतून मार्ग कसा काढायचा तेही माहीत होतं.

“अलकाताई, तुम्ही?”

अलका भिलारे हातातल्या पिशवीशी चाळा करत कडेला उभ्या होत्या. त्या आमच्या भागातल्या शाळेत मुलांची खिचडी शिजवत. त्यांची मयूरी तेरा वर्षांची, क्लबच्या जुन्या सायकलवर शिकलेली, आणि चढावर भल्याभल्या पोरांच्या नाकी नऊ आणणारी. त्या हंगामातली ही चौथी शर्यत होती. आधीच्या तिन्ही वेळा सर्वांत लांबची जागा मी अलकाताईंनाच दिली होती. त्या कधी नाही म्हणत नसत. “चालंल की,” एवढंच म्हणायच्या आणि डबा घेऊन निघायच्या.

या वेळी त्या लगेच ‘चालंल’ म्हणाल्या नाहीत. पालक पुढे गेल्यावर माझ्याजवळ आल्या.

“सर, एक इचारू का?”

“विचारा की.”

“उद्या मला खाली ठिवा. रेषंजवळ. मी तिला कधी रेषंवर येताना बघितलंच न्हाई. हितनं फकस्त फर्रकन जाताना दिसती. आता जूनपासनं ती व्हस्टेलला जाणार, मग कुठलं बघायला मिळतंय?”

मयूरीची त्याच महिन्यात लांबच्या एका क्रीडा वसतिगृहात निवड झाली होती. आमच्या क्लबातून निवडली गेलेली ती पहिलीच. मी पेपरात फोटोसुद्धा छापून आणला होता, अर्थात माझ्यासकट.

“अलकाताई, तुमच्याएवढं भरवशाचं माणूस माझ्याकडे दुसरं नाही,” मी म्हणालो. हे खोटं नव्हतं, पण ते मी ज्या कामासाठी वापरलं ते काही बरं नव्हतं. “आणि बक्षीस समारंभ तर शेवटी आहे. शेपूट गेलं की तुम्ही उतरायला लागा. वीस-पंचवीस मिनिटांत खाली. तुम्ही आल्याशिवाय मी मुलींचं बक्षीस पुकारायचंच नाही, मग तर झालं?”

त्यांचा चेहरा उजळला. “नक्की ना?”

“शब्द दिला.”

“मग चालंल,” त्या म्हणाल्या.

आज या गोष्टीला नऊ वर्षं झाली. तो ‘शब्द दिला’ उच्चारतानाचा माझा आवाज मला अजून ऐकू येतो. मोठा रुबाबदार होता.

रविवारी सकाळी सहाला मी वॉकीटॉकी वाटले. आठ मार्शलांचे आणि एक माझा असे नऊ संच एका ओळखीच्यांकडून मागून आणले होते. अलकाताईंनी आपला संच दोन्ही हातांनी घेतला. आधीच्या शर्यतींना नुसत्या शिट्ट्याच होत्या, हे यंत्र त्यांच्या हातात पहिल्यांदाच येत होतं.

“हे दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं,” मी म्हणालो. “बाकी कशाला हात लावायचा नाही. आणि कुणी कितवं आलं वगैरे यावर विचारायचं नाही. हे फक्त अडचणीसाठी.”

“दाबून बोलायचं, सोडून आयकायचं,” त्यांनी म्हणून दाखवलं. मग मयूरीकडे गेल्या, तिच्या शिरस्त्राणाचा पट्टा ओढून बघितला आणि तिला काहीतरी सांगून वर चालू लागल्या. मयूरी मागून ओरडली, “आई, बक्षिसाला लवकर ये हं!”

“आधी मिळव तरी!” अलकाताई वळून म्हणाल्या आणि आजूबाजूचे सगळे हसले.

शर्यती वेळेवर सुरू झाल्या. मुलींची दुसरी शर्यत होती, तीन फेऱ्यांची. मयूरी पहिल्या फेरीत पाचवी होती, दुसरीत तिसरी. शेवटच्या फेरीला खालच्या मैदानात शिरताना ती एका पुण्याच्या मुलीच्या चाकाला चाक लावून आली आणि अर्ध्या सायकलीने दुसरी आली. रेषेजवळ नुसता कल्ला झाला. मीसुद्धा सूचना क्रमांक सोळा विसरून बेंबीच्या देठापासून ओरडलो. ती सायकल टाकून गवतात आडवी झाली, आणि श्वास सापडल्यावर पहिलं वाक्य बोलली ते असं, “सर, आईला सांगा ना वॉकीवर.”

“नियम म्हणजे नियम,” मी म्हणालो. “खाली आली की तूच सांग. मजा येईल.”

पुढची शर्यत निहारच्या गटाची. निहार तिसरा आला. हे मी साधेपणाने लिहितोय, पण त्या दिवशी साधं काही नव्हतं. निहारला दोन वर्षांत एकही पदक मिळालं नव्हतं. सगळ्या क्लबाला सल्ले देणाऱ्या माणसाचा मुलगा दहावा, अकरावा येतो, हे मी हसत हसत बोलून दाखवत असे आणि घरी येऊन मला झोप लागत नसे. तिसरा आल्यावर मी त्याला उचलून घेतलं. तो म्हणाला, “बाबा, सगळे बघतायत.” मी म्हणालो, “बघू देत.”

त्यानंतर मोठ्या मुलांची शेवटची शर्यत सुटली. तिच्या मागून फरांदे निघाला. फरांदेचं साताऱ्यात सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि शेपूट व्हायचं काम दर वेळी त्याच्याकडे असे. साडेअकराच्या सुमाराला तो सायकल खांद्यावर घेऊन भलत्याच बाजूने, आडवाटेने चालत मांडवाशी आला.

“दोन्ही चाकं गेली सर. बाभळीचा काटा,” घाम पुसत तो म्हणाला. “सहा नंबरपासनं मधल्या वाटेनं उतरलो. एक ते सहा मोकळे केलेत, आठ नंबर मला खालीच भेटला. शेवटचं पोरगं सुखरूप पुढं गेलंय. तेवढं सात नंबरला तुम्ही वॉकीवर सांगा, मी तिकडं गेलोच न्हाई.”

“सांगतो,” मी म्हणालो.

माझा हात कमरेच्या संचाकडे गेलाही होता. तेवढ्यात पाहुण्यांची गाडी मैदानात शिरली. प्रमुख पाहुणे जिल्ह्यातले मोठं नाव असलेले एक माजी खेळाडू होते, आणि अर्धा तास आधी आले होते. मी हार शोधायला पळालो. हार एकाकडे, नारळ दुसऱ्याकडे, ध्वनिक्षेपक कुईं करत होता. पाहुणे म्हणाले, “मला साडेबाराला दुसऱ्या गावात पोचायचंय, उरकून घेऊ या पटपट.” मी उरकायला घेतलं.

मार्शल एकेक करून खाली आले, संच बंद करून खोक्यात ठेवून आपापल्या पोरांकडे गेले. खोक्यात सातच संच पडले होते, आणि मला ते मोजायला सवड नव्हती. मी व्यासपीठावर होतो, माझा संच कमरेला, हातात ध्वनिक्षेपक. सर्वांत लहान गटाची पदकं झाली. मग मी कागदावर पुढचं नाव वाचायला मान खाली घातली आणि कमरेवर आवाज आला.

“सर, सात नंबर बोलतीया. शेपूट आजून आलं न्हाई. मी येऊ का खाली?”

आवाज स्पष्ट होता. टाळ्या चालू होत्या म्हणून इतर कुणाला कळलं नसेल, पण मला कळलं. मग काय झालं ते मी तपशिलाने सांगतो, कारण आजवर हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, निहारच्या आईलाही नाही.

मला सगळं एकदम दिसलं. ती बाई उन्हात उभी आहे. खाली यायला तिला पंचवीस मिनिटं लागतील. पाहुणे थांबणार नाहीत. मला ध्वनिक्षेपकावर सांगावं लागेल की एक मार्शल वरच राहिली आहे, तेव्हा जरा थांबू या. म्हणजे चौतीस सूचना छापणारा माणूस एका बाईला डोंगरावर विसरला, हे सगळ्या पालकांसमोर, पुण्याहून आलेल्या क्लबांसमोर, पाहुण्यांसमोर मला स्वतःच्या तोंडाने सांगावं लागेल. आणि पुढच्याच्या पुढचं बक्षीस निहारच्या गटाचं होतं. पाहुणे निघून गेले असते तर निहारला पदक माझ्या नाहीतर फरांदेच्या हातून मिळालं असतं.

“सर, आयकू येतंय का? मी येऊ का?”

मी डाव्या हाताने कमरेवरचं बटण फिरवलं. टक् असा आवाज झाला आणि संच बंद झाला.

मग मी मुलींच्या गटाचा निकाल पुकारला.

मयूरी व्यासपीठावर आली. तिने पाहुण्यांना वाकून नमस्कार केला, पदक घातलं. फोटोवाल्याने “इकडे बघा” म्हटलं तरी ती वरच्या वाटेकडे बघत होती. तिथून माझ्याकडे वळून तिने हळूच विचारलं, “सर, आई?”

“येतेच आहे,” मी म्हणालो.

निहारला पदक पाहुण्यांच्या हातून मिळालं. तो फोटो आमच्या दिवाणखान्यात आहे.

पाहुणे गेल्यावर मी वर निघालो. कुणाला पाठवू शकलो असतो, पण पाठवलं नाही. तेव्हा मला वाटलं की मी प्रायश्चित्त म्हणून जातोय. आता वाटतं, तिला पहिल्यांदा भेटणारा माणूस मीच असावा म्हणून गेलो. दुसरा कुणी गेला असता तर तिने त्याला विचारलं असतं, आणि त्याने खाली येऊन मला विचारलं असतं.

चढायला मला पाऊण तास लागला. दीड वाजत आला होता. अलकाताई वळणावर उभ्या होत्या. दहा पावलांवर एक चांगलं सावलीचं झाड होतं, पण तिथून वळण दिसत नसे, म्हणून त्या उन्हात उभ्या होत्या. पदर डोक्यावर, एका हातात पिवळा झेंडा, दुसऱ्या हातात वॉकीटॉकी कानापाशी धरलेला. पाण्याची बाटली रिकामी होऊन पायाशी पडली होती.

“सर, शेपूट आजून आलंच न्हाई,” मला बघताच त्या म्हणाल्या. “कोन पडलंबिडलं का काय? माझा जीव नुसता टांगणीला लागलाय.”

“नाही, सगळे सुखरूप आहेत. फरांदेची चाकं पंक्चर झाली.”

“अगं बाई.” त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मग विचारलं, “आमची कितवी आली?”

“दुसरी.”

त्या हसल्या. तोंडावर हात ठेवून हसल्या. “दुसरी? खरंच? तरी मला वाटलंच. तिसऱ्या फेरीला हितनं गेली ती दात आवळून गेली. चला, चला सर, चला लवकर.” आणि पिशवी उचलून त्या निघाल्यासुद्धा. चार पावलं गेल्यावर मी म्हणालो,

“ताई, बक्षीस समारंभ झाला.”

त्या थांबल्या. पाठ माझ्याकडे होती.

“पाहुण्यांना घाई होती,” मी म्हणालो.

“व्हय, मोठी मानसं,” त्या म्हणाल्या. पदराने तोंड पुसलं. मग हातातल्या यंत्राकडे बघत म्हणाल्या, “मी तीनदा बोलले सर ह्याच्यात. तुमी पन हाका मारल्या असतील. मला कायच आयकू आलं न्हाई. ह्ये बंद पडलं वाटतं.”

मी त्यांच्या हातातून संच घेतला. त्यावरचा हिरवा दिवा लख्ख जळत होता.

“माझ्याकडनंच काय तरी भलतं दाबलं गेलं असंल,” त्या म्हणाल्या. “मला कुठं येतंय त्यातलं.”

तिथं तिसरं कुणी नव्हतं. मी खरं सांगितलं असतं तर त्या बाईने मला शिव्यासुद्धा दिल्या नसत्या. फार तर रडली असती. मी तिचा संच बंद केला आणि पिशवीत टाकला.

“असेल,” मी म्हणालो.

“चुकलं माझं,” त्या म्हणाल्या.

उतरताना मी दोनदा घसरलो, दोन्ही वेळा त्यांनी मला हात दिला. दमलात सर तुम्ही, म्हणाल्या. माझ्यापायी तुम्हाला एवढं चढून यायला लागलं, म्हणाल्या. डब्यात एक लाडू उरला होता, तो मला दिला. मी तो खाल्ला. मला भूक लागली होती.

खाली मांडव उतरवत होते. मयूरी टेम्पोच्या फळीवर बसली होती. आई दिसल्यावर ती पळत आली नाही. पदक काढून तिने खिशात टाकलं होतं.

“सगळ्यांच्या आया आल्या होत्या,” ती म्हणाली. “सगळ्यांच्या. तुला एवढं सांगितलं होतं लवकर ये म्हणून.”

“अगं, माझ्याकडनं ते यंत्र बंद पडलं. चुकलं माझं. बघू तरी, घाल की परत, बघू दे मला.”

“आता कशाला?” म्हणून ती टेम्पोत चढली.

मी तिथंच होतो, पाच फुटांवर. सायकली बांधायच्या दोरीची गाठ मारत होतो. त्या गाठीला जेवढा वेळ लागायला हवा त्याच्या चौपट लावला. अलकाताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि ओशाळं हसल्या, जणू पोरीच्या उद्धटपणाबद्दल माझी माफी मागत होत्या. सातारा येईपर्यंत मायलेकी एकमेकींशी बोलल्या नाहीत. जूनमध्ये मयूरी वसतिगृहात गेली.

त्या उन्हाळ्यात मी त्यांच्या घरी जाऊन सगळं सांगायचं दोनदा ठरवलं. एकदा त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलोही. कोपऱ्यावरच्या दुकानातून निहारसाठी पेन्सिली घेतल्या आणि परत आलो. स्वतःची मला इतकी किळस कधी आली नव्हती. पण किळस येऊनही माणूस सुखाने जेवतो, कचेरीत जातो, नव्या हंगामाच्या सूचना छापायला देतो.

पुढच्या हंगामाच्या आधी नव्या पालकांची बैठक एका शाळेच्या चित्रकला वर्गात झाली. पंचवीस नवी घरं आली होती. दुसऱ्या बाकावर अलकाताई बसल्या होत्या. धाकट्या आदेशला त्यांनी क्लबात घातलं होतं. मी मार्शलच्या सूचनेपाशी आलो, जागा सोडायची नाही वगैरे सांगून वॉकीटॉकीबद्दल बोलायला लागलो, तेव्हा त्या उठून उभ्या राहिल्या.

“सर, मी या नव्या बायांना दोन शब्द सांगू का?”

“सांगा,” मी म्हणालो.

“बायांनो, ते यंत्र लई जपून धरा,” त्या म्हणाल्या. सभेत बोलायची सवय नसल्याने त्या बाकाची कड धरून बोलत होत्या. “दाबून बोलायचं, सोडून आयकायचं, दुसऱ्या कशाला हात लावायचा न्हाई. गेल्या वर्षी माझ्याकडनं ते बंद पडलं. सरांनी किती हाका मारल्या असतील बिचाऱ्यांनी, मला येक आयकू आली न्हाई. माझ्या लेकीचं बक्षीस हुकलं माझं. ती आजून बोलून दाखवती. पन सरांची कमाल हाय. येवढ्या उन्हाचे सोता डोंगर चढून आले मला न्यायला. दुसरं कोन आलं असतं?”

वर्गातले सगळे माझ्याकडे बघायला लागले. पुढच्या बाकावरचे एक नवे वडील हळूच “वा” म्हणाले.

“आनि सर,” बसता बसता त्या म्हणाल्या, “मला यंदा पन लांबची जागा द्या, मी थांबंन. फकस्त यंत्र नको. दुसरं कुनी शिकलेलं माणूस द्या जोडीला.”

कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग सगळ्या वर्गाने त्या अलकाताईंसाठी वाजवल्या, आणि काहींनी माझ्यासाठीही.

मीही वाजवल्या.